चौथ्या क्रमांकापर्यंत

क्लार्कने लाकडी डब्यात हात घातला तेव्हा मी मनातल्या मनात 'नऊ, नऊ, नऊ' म्हणत होते.

ज्यूरीत आम्ही तेराजण होतो. खटला तेराजणांनी ऐकायचा आणि निर्णय बाराजणांनी करायचा. मध्येच कुणी आजारी पडलं तर अडायला नको म्हणून एक जास्तीचा. तो जास्तीचा कोण, हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं. माहीत असलं तर तो लक्ष देऊन ऐकणार नाही. म्हणून सगळे साक्षीपुरावे आणि वकिलांची भाषणं संपल्यावर चिठ्ठी काढतात. ज्याचा क्रमांक निघेल त्याने घरी जायचं.

क्लार्कने चिठ्ठी उलगडली. "अकरा."

अकरा नंबरचा माणूस हसू दाबतच उठला. तो सकाळी शिकारीचं नारिंगी जाकीट घालूनच कोर्टात आला होता. नोव्हेंबरातला तो शुक्रवार होता आणि शनिवारी पहाटे हरणांचा सीझन उघडणार होता. आमच्या काउंटीत त्या शनिवारी लग्न ठेवत नाहीत आणि जमत असेल तर मरतही नाहीत. अकरा नंबर दारातून बाहेर पडला तेव्हा उरलेल्या बाराजणांतल्या निदान सातांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी शिकार करत नाही. मला फक्त निर्णय करायच्या त्या खोलीत जायचं नव्हतं.

मी चीजच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. त्या वेळी तिथे मला एकोणीस वर्षं झाली होती. दुधाची आम्लता, चीजमधला ओलावा, मीठ. आमच्याकडे एक नियम आहे: महत्त्वाचा नमुना दोघींनी तपासायचा, वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं आणि दोघींचं लिहून होईपर्यंत एकीने दुसरीचा कागद बघायचा नाही. कारण एकदा अडतीस पूर्णांक चार हा आकडा नजरेला पडला, की काटा तिथेच दिसायला लागतो. यात लबाडी नसते. माणसाचे डोळेच तसे आहेत. मला हे एकोणीस वर्षं माहीत होतं.

ज्यूरीच्या खोलीत लांब टेबल होतं, एका टोकाला कॉफीचं मशीन, भिंतीवर गोल घड्याळ. क्रेग व्हॅन्डेहे टेबलाच्या डोक्याशी बसला, कारण ती खुर्ची दारापासून सगळ्यांत जवळ होती. तो तळ्याकाठी बोटी विकतो. त्याच्याकडे पेनही होतं. मिनिटभरात तो फोरमन झाला, म्हणजे आमचा प्रमुख. कुणी निवडला, आठवत नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "आपण कुठे आहोत तेवढं कळू दे. नुसते हात वर करा. मग बोलू हवं तेवढं. दोषी म्हणणारे?"

हात वर गेले. एक, दोन, मग भराभर. मी मोजत होते, ती माझी सवय आहे. दहा झाले. मग माझा हात वर गेला. तो मी वर केला असं म्हणणं बरोबर होईल का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. माझ्यानंतर, समोरच्या बाजूचा ऑर्व्हिल टेस्के, चार नंबर, त्याने आपला जाडजूड तळवा टेबलावरून जेमतेम वीतभर उचलला.

"बारा!" क्रेग म्हणाला. "संपलंच की मग."

"बाळा, निदान सँडविच तरी खाऊ दे," बर्नडीन म्हणाली. ती सात नंबर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. "सरकार फुकट जेवायला घालतंय ते एकदाच. आणि दहा मिनिटांत बाहेर गेलो तर लोक म्हणतील, यांनी नीट बघितलंसुद्धा नाही."

सगळे हसले. सँडविचं आली. घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

आरोपीचं नाव आर्लन कुबियाक. चव्वेचाळीस वर्षांचा, गेरहार्ड श्टोगरच्या गोठ्यावर अकरा वर्षं काम केलेला. खटल्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये श्टोगरने त्याला भांडून काढून टाकलं. त्याच संध्याकाळी आर्लन दारूच्या गुत्त्यात चारचौघांत म्हणाला, "याचं कोठार एकदा पेटलं पाहिजे, मग कळेल." जुलैत कोठार पेटलं. आत नव्याने रचलेलं वाळलं गवत होतं, गठ्ठ्यांची थप्पी छपरापर्यंत, आणि खालच्या बाजूला चौदा वासरं. त्या वासरांचे फोटो आम्हाला दाखवले होते. शेजारणीने त्या संध्याकाळी आर्लनचा हिरवा ट्रक रस्त्यावर पाहिला होता. शेरीफच्या तपासनिसाने सांगितलं, आग दोन ठिकाणी सुरू झाली, म्हणजे लावलेली आहे. आर्लनच्या वकिलाचं म्हणणं, गवत ओलं रचलं होतं, ते आतून तापून आपोआप पेटलं. श्टोगर म्हणाला, गवत खडखडीत वाळलेलं होतं, मी काय काल जन्मलो? लोक हसले.

आर्लन चारही दिवस एकच सूट घालून आला. दुकानातल्या घडीच्या रेषा त्यावर अजून होत्या. चौथ्या दिवशीही होत्या, म्हणजे तो रोज घरी जाऊन त्याच घड्या घालत असणार.

आणि श्टोगरच्या मुलीची, लीनाची साक्ष. सरकारी वकिलाने तिला विचारलं, कोठारात शेवटचं कधी गेलीस? ती म्हणाली, आगीच्या दोन दिवस आधी, वासरांना बघायला. आणि मग आपल्याआपणच म्हणाली, "आत कसला तरी गोड वास येत होता. जळक्या साखरेसारखा, तंबाखूसारखा. मला वाटलं, बाबा परत चोरून पाइप ओढायला लागले." पुन्हा सगळे हसले, श्टोगरसुद्धा. सरकारी वकील हसत हसत पुढच्या प्रश्नाकडे गेला. आर्लनचा वकील कागद चाळत होता. मी वहीत लिहिलं: गोड वास. दोन दिवस आधी.

गवताबद्दल मला काही कळत नाही. पण तो वास मला माहीत आहे. दुधाची भुकटी यंत्रात जास्त वेळ राहिली, तापत राहिली, की तसाच वास येतो. साखर हळूहळू करपते तेव्हा येतो. आग लावल्यावर धुराचा वास येतो. आणि आग लावायच्या दोन दिवस आधी तर काहीच यायला नको.

एवढं सगळं माझ्या वहीत होतं आणि माझा हात वर गेला होता.

सँडविच खाऊन झाल्यावर मी म्हणाले, "माझा एक प्रश्न आहे."

माझा आवाज मलाच परका वाटला. क्रेगने निर्णयाच्या फॉर्मवरून मान वर केली. "बोल ना, थीया."

मी वासाचं सांगितलं. बहुतेक फार हळू सांगितलं, कारण बर्नडीन म्हणाली, "काय म्हणतेस? जरा मोठ्याने." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त क्षुल्लक वाटलं.

"म्हातारा पाइप ओढत होता," क्रेग म्हणाला. "मुलगीच म्हणाली की."

"तिला वाटलं, असं ती म्हणाली. श्टोगरला कुणी विचारलंच नाही."

"बरं, मग? ओढत नव्हता समज. वासाने काय होतं?"

"आत गवत आधीपासून तापत असेल तर..."

"थीया, तू शेतकरी आहेस का?"

"नाही."

"मग? तपासनीस पंचवीस वर्षं आगी बघतोय. तो म्हणतो दोन ठिकाणी. तू चीज बघतेस." तो हे वाईट बोलला नाही. उलट, समजावल्यासारखा बोलला. "आणि तू हात वर केला होतास ना? मी मोजले. बारा."

केला होता. तो हात आता टेबलावर होता, पण तो वर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, आणि खाली घ्यायचा म्हणजे अकरा माणसांच्या देखत घ्यायचा. माझी नाडी मला कानात ऐकू येत होती. घड्याळाचा काटा समोर होता म्हणून मी मोजली. एकशे चार.

"ती चौदा वासरं बघितलीस ना?" खिडकीजवळच्या माणसाने विचारलं.

"बघितली."

"मग?"

मी ऑर्व्हिलकडे पाहिलं. ऑर्व्हिल टेस्केने पन्नास वर्षं दूधधंदा केला होता. निवडीच्या वेळी जजसाहेबांनी विचारलं तेव्हा त्याने ते सांगितलं होतं. गवताबद्दल काही माहीत असेल तर या खोलीत त्यालाच. तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता. "ऑर्व्हिल," मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" तो म्हणाला. "मी ऐकतोय." आणि परत हातांकडे.

एक वाजला. दीड वाजला. ते आळीपाळीने माझ्याशी बोलत होते. कुणी चिडलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. चिडले असते तर मला काहीतरी धरून उभं राहता आलं असतं. "तुझं म्हणणं आम्हाला कळतंय," ते म्हणायचे, आणि मग तेच पुन्हा सांगायचे, ट्रक, गुत्ता, दोन ठिकाणं, आणि प्रत्येक फेरीनंतर माझा वास थोडा आणखी फिका व्हायचा. दोन वाजता मला खरंच आठवेना, लीना 'जळक्या साखरेसारखा' म्हणाली होती की 'जळका' हा शब्द माझाच. वहीत तर फक्त 'गोड' होतं.

तेव्हा मी चिठ्ठी लिहिली. ज्यूरीला काही हवं असेल तर कागदावर लिहून, फोरमनची सही घेऊन बेलिफकडे द्यायचं. तो जजकडे नेतो. मी लिहिलं, लीना श्टोगरची साक्ष पुन्हा वाचून दाखवावी. क्रेगने उसासा टाकून सही केली. बेलिफ कागद घेऊन गेला.

वीस मिनिटांनी तो उत्तर घेऊन आला. क्रेगने मोठ्याने वाचलं. साक्ष वाचून दाखवता येईल. मात्र नोंदीतून ती शोधायला आणि वकिलांना बोलवायला वेळ लागेल. आज संध्याकाळी फार उशिरापर्यंत थांबावं लागेल, किंवा उद्या सकाळी नऊ वाजता.

क्रेगने कागद टेबलावर ठेवला.

मग खिडकीजवळचा म्हणाला, "उद्या सकाळी." त्याने ते विचारलं नाही आणि चिडून म्हटलं असंही नाही. नुसतं म्हटलं.

"माझा भाऊ मिनेसोटाहून येतोय," दुसरा म्हणाला. "तीन वर्षांनी."

"आज चर्चमध्ये फिश फ्रायचं जेवण आहे, माझी पाळी आहे," बर्नडीन म्हणाली. "दोनशे माणसांचं कोबीचं सॅलड कोण कापणार? पण ते राहू दे. थीया, तुला खरंच वाटत असेल तर थांबू आपण. खरंच वाटतंय का? शंभर टक्के?"

शंभर टक्के मी कुठल्याच गोष्टीबद्दल म्हणत नाही. प्रत्येक आकड्यापुढे किती चूक असू शकते तेही लिहायची मला सवय आहे. आणि कायदा तर मला शंभर टक्के मागतच नव्हता. जजसाहेबांनी सकाळी तासभर तेच समजावलं होतं, की शंका राहिली तर ती आरोपीची. शंका माझ्याजवळ होती. पण अकरा जोडी डोळे माझ्याकडे, आणि प्रश्न उलटा झाला होता: शंकेलाच आता पुरावा द्यावा लागत होता.

"शंभर टक्के नाही," मी म्हणाले.

"मग?" क्रेग म्हणाला, अगदी मायेने.

मी म्हणाले, "राहू दे. चिठ्ठी परत घेते."

खोलीत हवा हलल्यासारखं झालं. कुणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं. बर्नडीनने तिच्या डब्यातली लिंबाची वडी माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली. क्रेगने फॉर्म भरला, खाली सही केली, बेलिफला हाक मारली. ऑर्व्हिल तेव्हा माझ्याकडे बघत होता. दिवसभरात पहिल्यांदा. मला वाटलं, तो माझी कीव करतोय.

पावणेचारला आम्ही कोर्टात गेलो. आर्लन उभा राहिला. सूटच्या रेषा तशाच. क्लार्कने फॉर्म वाचला: दोषी. आर्लनने मान वगैरे खाली घातली नाही. त्याने आमच्या रांगेकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एखादं यंत्र कुठे बिघडलंय ते शोधताना बघतात तसं.

त्याचा वकील उठला. "ज्यूरीला एकेक करून विचारण्यात यावं."

हा त्यांचा हक्क असतो. क्रमांक घेऊन प्रत्येकाला विचारतात, भर कोर्टात, आणि त्याने तोंडाने उत्तर द्यायचं. मला याची कल्पना नव्हती. मला वाटलं होतं की संपलं.

"क्रमांक एक. हा तुमचा निर्णय आहे का?"

"हो."

मी नववी होते. म्हणजे माझ्या आधी आठजण. प्रत्येकाला साधारण पाच सेकंद धरले तर चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत मला ठरवायचं होतं आणि ठरवण्यासारखं काय होतं? नाही म्हटलं, तर अकराजण म्हणतील, आत का नाही म्हणालीस, लिंबाची वडी खाल्लीस आणि मग? हो म्हटलं, तर तो घडीचा सूट आणि तुरुंगातली किती वर्षं. 'हो' आणि 'नाही', दोन्ही शब्द तोंडात सारख्याच वजनाचे लागत होते.

"क्रमांक दोन. हा तुमचा निर्णय आहे का?"

"हो, मॅडम."

"क्रमांक तीन."

क्रेग. "हो."

पंचवीस सेकंद उरले. मी श्वास मोजायला लागले, काहीतरी मोजायला हवं म्हणून.

"क्रमांक चार. हा तुमचा निर्णय आहे का?"

ऑर्व्हिल आपल्या हातांकडे बघत होता. क्लार्कने मान वर करून पुन्हा विचारलं.

"नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "नाही, मॅडम. नाहीये."

जजसाहेबांनी लगेच हात वर केला. पुढे कुणालाही विचारायचं नाही. आम्ही सगळ्यांनी परत खोलीत जायचं आणि चर्चा पुढे चालू करायची. पाच नंबरचं अर्धवट उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मी नववी होते. चौथ्यावर थांबलं.

खोलीचं दार बंद झाल्याबरोबर क्रेग म्हणाला, "ऑर्व्हिल, तुम्ही हात वर केला होता! मी स्वतः बघितला!"

"केला होता. सगळ्यांचे होते."

"दिवसभर एक शब्द बोलला नाहीत!"

ऑर्व्हिल खुर्चीत बसला. त्याला वेळ लागला, गुडघे वाईट होते. "एकोणीसशे त्र्याहत्तर साली आमच्याकडे तो वास आला," तो म्हणाला. "वडिलांनी मला लोखंडी सळी दिली. गवतात खोल खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची, हाताने धरून बघायची. धरवली नाही तर गवत बाहेर काढायचं, असेल नसेल तेवढी माणसं बोलावून. आम्ही दोन दिवस काढत होतो. आतलं गवत तपकिरी झालं होतं. तंबाखूसारखं." त्याने तळवा उलटा करून पाहिला. "श्टोगरच्या पोरीने तंबाखू म्हटलं तेव्हाच मला कळलं. मंगळवारी."

"मंगळवारी!" बर्नडीन म्हणाली. "अहो, मग दातखीळ बसली होती का?"

"उद्या सीझन होता," ऑर्व्हिल म्हणाला. कुणी हसलं नाही. "दोन्ही नातू येतायत. आणि मला वाटलं, ही पोरगी बोलतेय तर आहे, माझी काय गरज? ही सोडणार नाही. माझ्यापेक्षा शिकलेली आहे." तो माझ्याकडे वळला. "मग तू कागद परत घेतलास, पोरी. मग कुणी उरलंच नाही ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

क्रेग टेबलाच्या डोक्याशी उभाच होता. "थीया," तो म्हणाला, "तुझं काय? तुला विचारलं असतं तर?"

"चिठ्ठी परत लिहिते," मी म्हणाले. "सही कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग पेन काढलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही परत तिथे होतो. चौघे नारिंगी जाकिटांत आले होते, अकरा वाजेपर्यंत सुटलो तर सरळ रानात जायचं म्हणून. कोर्टाच्या खिडक्या बंद होत्या तरी नदीपलीकडून गोळ्यांचे आवाज येत होते, एखाद दुसरा, मग बराच वेळ काही नाही. नोंदी घेणारी बाई सपाट आवाजात वाचत होती, कुठे हसायचं ते नोंदीत लिहिलेलं नसतं, त्यामुळे या वेळी कुणी हसलं नाही. 'आत कसला तरी गोड वास येत होता. जळक्या साखरेसारखा, तंबाखूसारखा.' जळक्या हा शब्द लीनाचाच होता. माझा नव्हता.

दुपारी दीडला निर्णय झाला. निर्दोष. क्रेग शेवटपर्यंत 'दोषी'वर टिकला आणि मग म्हणाला, माझी खात्री नाही, आणि नाही म्हणजे नाहीच ना. मला वाटतं, त्या दोन दिवसांत आमच्यातलं सगळ्यांत नेमकं वाक्य तेच होतं. सरकारी वकिलाने एकेकाला विचारायला लावलं. "क्रमांक नऊ. हा तुमचा निर्णय आहे का?" मी "हो" म्हणाले. सोपं होतं. आधी आठ 'हो' होऊन गेले होते.

आर्लन कुबियाक बाहेर जाताना आमच्या रांगेजवळून गेला. चार नंबरच्या खुर्चीपाशी थांबला, ऑर्व्हिलकडे बघून एकदा मान हलवली आणि पुढे गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. कारणच नव्हतं.

पुढे कधीतरी बर्नडीन मला दुकानात भेटली. म्हणाली, "काही म्हण, तुझ्यामुळे सुटला तो." मी म्हणाले, ऑर्व्हिलमुळे. ती म्हणाली, "पण तूही नाहीच म्हणाली असतीस. मला माहिती आहे ना." तिने इतक्या खात्रीने सांगितलं की मी क्षणभर त्यावर विश्वास ठेवला.

प्रयोगशाळेत एखादं वाचन घ्यायचं राहून गेलं तर ते नंतर अंदाजाने भरत नाहीत. आजूबाजूचे आकडे बघून तर नाहीच. त्या शुक्रवारचे ते चाळीस सेकंद मी अजून कितीदा तरी मोजते. चारपर्यंत नीट येते. पुढे पाच, सहा, सात, आठ. मग क्लार्क माझा क्रमांक घेते, मी तोंड उघडते, आणि काय ऐकू येणार या भीतीने मी तिथेच मोजायचं थांबवते.